काटा पुन्हा तिथेच यावा

लेथच्या चार जबड्यांच्या चकात गोल जॉब बांधला, बेडवर मॅग्नेटिक स्टँड लावून डायलचे टोक जॉबला टेकवले आणि चक हाताने सावकाश फिरवला, की काटा डोलू लागतो. समजा तो १२ घरे पुढे गेला आणि परत आला. एक घर ०.०१ मिमीचे, म्हणजे जॉब ०.१२ मिमी ‘आउट’ आहे आणि त्याचे केंद्र फिरण्याच्या अक्षापासून ०.०६ मिमी सरकलेले आहे. टर्नर समोरासमोरचे जबडे थोडे सैल-घट्ट करतो, पुन्हा फिरवतो, आणि काट्याचा डोल दोन घरांवर आला की टूल लावतो. या सगळ्यात काटा तबकडीवरच्या ३७ वर उभा होता की ८२ वर, याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते. काटा किती हलला आणि जॉब मूळ जागी आल्यावर तोही मूळ जागी आला का, एवढेच त्याला पाहायचे असते. वापरलेला डायल विकत घ्यावा की नाही, या वर्कशॉपमधल्या जुन्या वादाचा निकाल या साध्या गोष्टीवरूनच लागतो असे मला वाटते.

वाद असा. बंद पडलेल्या कारखान्यांच्या लिलावातून आणि पुण्याच्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणांहून वापरलेली मापाची हत्यारे फिरत असतात. त्यांत मिट्युटोयो, स्टॅरेट, टेसा, माहर, बेकर अशी नावे तबकडीवर दिसली की एक पक्ष म्हणतो, नाव मोठे आहे, डोळे झाकून घ्या. दुसरा पक्ष म्हणतो, हातोडा जुना घ्यावा, पाना जुना घ्यावा, पण मापाचे हत्यार कधीही जुने घेऊ नये, कारण झिजलेले माप खोटे बोलते. नवा धंदा सुरू करणाऱ्या तरुणाला दोन्ही सल्ले एकाच दिवशी ऐकायला मिळतात. माझ्या मते दोन्ही चुकीचे आहेत, आणि चुकण्याचे कारणही एकच आहे. पहिला नावावरून निकाल देतो, दुसरा वयावरून. प्रत्यक्ष डायल हातात घेऊन तो कसा वागतो हे दोघेही पाहत नाहीत. डायलची योग्यता त्याच्या वागण्यात असते. ते वागणे अर्ध्या तासात, साध्या साधनांनी, कोणत्याही टूलरूममध्ये तपासता येते. मग असा तपासलेला जुना डायल न तपासलेल्या नव्या डायलपेक्षा जास्त भरवशाचा का ठरू नये?

हे पटण्यासाठी डायलच्या पोटात काय आहे ते पाहावे लागेल. जॉबला टेकणारे टोक ज्या सरकत्या दांड्यावर असते तो प्लंजर; त्याच्यावर बारीक दातांची सरळ पट्टी असते, तिला रॅक म्हणतात. एका प्रचलित रचनेत या दातांमधले अंतर ०.६२५ मिमी असते आणि रॅक १६ दातांच्या पिनियनला फिरवतो. ०.६२५ गुणिले १६ म्हणजे १०. प्लंजर १० मिमी आत गेला की हे पिनियन एक फेरा पूर्ण करते. त्याच्याच आसावर १०० दातांचे मोठे चाक बसवलेले असते आणि ते मधल्या १० दातांच्या पिनियनला दहापट वेगाने फिरवते. काटा याच मधल्या पिनियनवर असतो, म्हणून प्लंजरच्या दर १ मिमीला काट्याचा एक फेरा होतो. काट्याचे टोक केंद्रापासून २२ मिमीवर असेल तर एका फेऱ्यात ते सुमारे १३८ मिमी चालते. म्हणजे ०.०१ मिमीची हालचाल, जी डोळ्याला कधीच दिसली नसती, ती तबकडीवर जवळपास १.४ मिमी होऊन दिसते. दातांना दात लागतात तिथे थोडी मोकळीक असतेच. ती काट्यात दिसू नये म्हणून मधल्या पिनियनला आणखी एक चाक जोडून त्यावर केसासारखी बारीक स्प्रिंग बसवतात. ही स्प्रिंग साऱ्या दातांना कायम एकाच बाजूने दाबून ठेवते. डायलच्या प्रामाणिकपणाचा बराच भार या एका स्प्रिंगवर असतो. ती थकली किंवा वाकली, की काटा जाताना एक आणि येताना दुसरे सांगू लागतो.

ही यंत्रणा घड्याळाची बहीण वाटते, आणि तिचा इतिहासही तसाच आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातले वॉल्थम हे एकोणिसाव्या शतकात यंत्रावर बनणाऱ्या घड्याळांचे गाव होते. तिथल्याच जॉन लोगन यांनी १८८३ साली मापकातल्या एका सुधारणेसाठी पेटंटचा अर्ज केला, आणि आजच्या डायलची वंशावळ तिथवर मागे नेली जाते. इंग्लंडमध्ये सेंट ऑल्बन्स इथले मर्सर हे जहाजांवरचे क्रोनोमीटर बनवणारे घराणे. पुढे त्यांच्या नावाचे डायल निघाले. पुण्यात बनलेल्या जुन्या तबकड्यांवर ‘बेकर मर्सर’ असे जोडनाव दिसते ते याच नात्यामुळे. क्रोनोमीटरची आठवण इथे मुद्दाम काढली. समुद्रावर रेखांश काढायला लागणारे हे घड्याळ अगदी बरोबर चालते म्हणून त्यावर भरवसा ठेवत नसत. ते रोज किती सेकंद पुढे किंवा मागे जाते याची नोंद ठेवत आणि तेवढी दुरुस्ती हिशेबात धरत. रोज ठरलेले तीन सेकंद पुढे जाणारे क्रोनोमीटर उत्तम, आणि आज एक सेकंद पुढे, उद्या दोन सेकंद मागे जाणारे निकामी. चूक ठरलेली असेल तर ती वजा करता येते. चूक रोज बदलत असेल तर मात्र तिच्यापुढे इलाज नाही.

डायलच्या मानकांतही हाच विचार दिसतो, फक्त तो आकड्यांत मांडलेला असल्याने चटकन लक्षात येत नाही. जर्मनीच्या डीआयएन ८७८ या मानकात १० मिमी पल्ल्याच्या, ०.०१ मिमी घराच्या डायलला पूर्ण पल्ल्यात, आत जाताना आणि बाहेर येताना मिळून, १७ मायक्रॉनपर्यंत चूक माफ आहे. पण एकाच जागी पुन्हा पुन्हा टेकवल्यावर येणाऱ्या वाचनांतला फरक ३ मायक्रॉनच्या आतच हवा, आणि एकाच बिंदूवर वरून येताना व खालून येताना पडणारा फरकही ३ मायक्रॉनच्या आतच. म्हणजे दुकानातून नुकताच आणलेला, मानकात पूर्ण बसणारा डायल पल्ल्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दीड घरापेक्षा जास्त चुकू शकतो आणि तरीही तो उत्तम मानला जातो. आपण पूर्ण पल्ला सहसा वापरतच नाही. २५ मिमीचा शाफ्ट तपासायचा असेल तर सरफेस प्लेटवर २५ मिमीचा स्लिप गेज, म्हणजे ठरलेल्या मापाचा अचूक ठोकळा, ठेवून डायल शून्यावर आणतात, गेज काढून शाफ्ट सरकवतात आणि काटा शून्यापासून किती सरला ते पाहतात. सहनमर्यादा ±०.०२ मिमी असेल तर सगळे काम शून्याच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन घरांत संपते. एखादा डायल १० मिमीत ०.१ मिमी, म्हणजे शंभरात एक या प्रमाणात चुकत असेल तर मानकाच्या हिशेबाने तो भंगार आहे. पण तेच प्रमाण ०.०२ मिमीला लावले तर चूक येते ०.२ मायक्रॉन, जी काट्यावर दिसणारही नाही. खऱ्या डायलमधली चूक अशी सरळ प्रमाणात पसरलेली नसते, ती ठिकठिकाणी कमीजास्त असते, हे कबूल करायला हवे. त्याचा अर्थ इतकाच की जो भाग वापरायचा तो भाग तपासावा लागतो.

गेजशी अशी तुलना करून मोजण्याचा आणखी एक फायदा आपल्या हवामानात फार मोलाचा आहे. मापे २० अंश सेल्सिअसला खरी धरायची, असा जगभर मान्य झालेला करार आहे. मे महिन्यात भोसरीच्या किंवा शिरोलीच्या पत्र्याच्या शेडमध्ये ३८ अंश तापमान असेल तर १०० मिमी पोलादी जॉब १८ अंशांच्या फरकाने सुमारे २१ मायक्रॉन वाढलेला असतो. पण शेजारी तासभर ठेवलेला पोलादी स्लिप गेजही तितकाच वाढलेला असतो, आणि दोघांची तुलना केली की वाढ वजा होऊन जाते. जॉब ॲल्युमिनियमचा असेल तर मात्र ही सोय नाही. ॲल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे तुलना करूनही जवळपास २० मायक्रॉनचा फरक उरतो आणि तो हिशेबाने काढावा लागतो. असा फरक दिसला की ‘डायल जुना झाला’ म्हणून बाजूला टाकण्याकडे कल असतो. दोष उन्हाचा असतो, डायलचा नाही.

आता झिजेकडे वळू, कारण जुन्या डायलवरचा खरा आक्षेप तोच आहे. झीज होते, पण सगळीकडे सारखी होत नाही. वर सांगितलेल्या रचनेत १० मिमी पल्ल्यासाठी रॅकचे १६ दात कामाला येतात. वर्षानुवर्षे डायल एक फेरा दाबून शून्य करण्याची सवय असेल तर त्यांतले दोन-तीन दातच झिजतात, बाकीचे जवळपास कोरे राहतात. पूर्ण फेऱ्यात मधल्या पिनियनचे दहाही दात येतात. पण एकाच जॉबच्या तपासणीला जुंपलेल्या डायलमध्ये काटा कायम शून्याच्या आसपासच हलतो आणि त्या पिनियनच्या एका-दोन दातांवर सारा भार पडतो. म्हणून जुना डायल तपासताना पहिल्या फेऱ्यात दोष आढळला तर त्याला लगेच नापास करू नये. तो चार फेरे दाबून पुन्हा पाहावा. रॅकच्या कोऱ्या दातांवर तो नीट वागत असेल तर दोष रॅकचा आहे आणि त्याला टाळून काम करता येते. प्रत्येक फेऱ्यात, त्याच जागी, त्याच प्रकारे काटा अडखळत असेल तर दोष मधल्या पिनियनचा आहे, आणि तो टाळता येत नाही. दोष परत येण्याचे अंतर मोजले की कुठले चाक आजारी आहे ते बाहेरूनच कळते. १ मिमीला परत येणारा दोष मधल्या पिनियनचा आणि १० मिमीला एकदाच येणारा रॅकच्या पिनियनचा किंवा मोठ्या चाकाचा. पाठीमागचे झाकण न उघडता पोटातले दुखणे सांगणारी इतकी साधी यंत्रे थोडीच आहेत.

तपासणी प्रत्यक्षात अशी करावी. आधी डायल हातात धरून प्लंजर बोटाने अगदी सावकाश आत ढकलावा आणि तितक्याच सावकाश सोडावा. काटा कुठेही थबकता कामा नये, उडी मारता कामा नये, आणि सोडल्यावर दरवेळी त्याच विश्रांतीच्या जागी आला पाहिजे. हेच डायल आडवा धरून, उलटा धरून करावे. अडकणारा प्लंजर विकण्यापुरता सैल करायला तेलाचा एक थेंब पुरतो, म्हणून प्लंजर तेलकट लागला तर तो स्पिरिटच्या फडक्याने कोरडा पुसून मगच पुढे जावे. चांगल्या डायलच्या प्लंजरला तेल लागत नाही, उलट तेलावर धूळ बसून वंगणाचा चिकटा होतो. मग ८ मिमीच्या स्टेमकडे नीट पाहावे. त्यावर स्क्रूचा खड्डा दिसला तर कोणीतरी तो थेट स्क्रूने आवळला होता. स्टेम म्हणजे पातळ नळी, ती जराशी चेपली तरी आतला प्लंजर घासतो. त्यानंतर डायल भक्कम स्टँडवर लावून सरफेस प्लेटवरच्या स्लिप गेजवर टेकवावा आणि प्लंजर दहा वेळा उचलून सोडावा, काही वेळा हळू, काही वेळा पटकन. दहाही वेळा काटा अर्ध्या घराच्या आत त्याच जागी आला तर मुख्य परीक्षा पार पडली. मग गेज टोकाखालून चारही दिशांनी सरकवून काढावा; प्लंजरची बुशिंग झिजली असेल तर बाजूने आलेला जोर काट्यावर लगेच दिसतो. शेवटी १.०० मिमीपासून ०.१ मिमीच्या पायऱ्यांनी वेगवेगळे स्लिप गेज टेकवत एक फेरा चढावा आणि त्याच पायऱ्यांनी उतरावे. चढतीच्या आणि उतरतीच्या आकड्यांत जो फरक पडतो त्यावरून त्या बारीक स्प्रिंगची तब्येत कळते. लहान स्लिप गेज दर्जा २ चे असले तरी त्यांची स्वतःची चूक अर्ध्या मायक्रॉनच्या आत असते, तेव्हा या कामाला महागडा संच लागत नाही.

टोकाच्या बॉलवर अनेकदा झिजून सपाट ठिपका पडलेला असतो. त्यामुळे डायल नाकारण्याची गरज नाही. टोक २.५ मिमीच्या आट्याने बसवलेले असते आणि नवे टोक स्वस्तात मिळते. फक्त अमेरिकन बनावटीचा इंची डायल असेल तर आटे वेगळे असतात, स्टेमही ३/८ इंच म्हणजे साडेनऊ मिमीच्या थोडा वर असतो, आणि आपल्या ८ मिमीच्या पकडीत तो जात नाही. त्याचे एक घर ‘थाउ’चे, म्हणजे २५.४ मायक्रॉनचे असते. मिलिमीटरमध्ये काम करणाऱ्या शॉपमध्ये असा डायल कितीही देखणा असला तरी तो घोटाळ्याला आमंत्रण देतो, तेव्हा तो घेऊच नये असे मी म्हणेन.

लेव्हर डायलची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे जास्त सावध राहावे लागते. टूलरूममधल्या जुन्या लोकांच्या तोंडी त्याचे नाव अजून ‘पपीटास’ असते. ‘पुपिटास्ट’ या जर्मन व्यापारी नावाचे ते आपल्याकडे रुळलेले रूप. यात प्लंजर नसतो, एका खिळीवर झुलणारी काडी असते आणि तिच्या टोकाला बारीक बॉल असतो. खिळीपासून बॉलपर्यंतचे अंतर हेच इथले माप आहे. मूळ काडी १५ मिमीची असावी असे ठरवून डायलची चाके कापलेली असतील आणि मधल्या मालकाने मोडलेल्या काडीच्या जागी १८ मिमीची बसवली असेल, तर जॉब ०.१८ मिमी हलला तरी काटा ०.१५ दाखवतो. हा डायल काट्याच्या परीक्षेत पूर्ण गुण मिळवतो. दहा वेळा टेकवा, दहा वेळा तेच वाचन. पण दाखवतो ते सहाव्या हिश्श्याने कमी. इथे कोणी म्हणेल की तुमचा सिद्धांत इथेच कोसळला, कारण पुन्हा पुन्हा तेच सांगणारा डायलही खोटा निघाला. आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर क्रोनोमीटरमध्येच आहे. ही चूक ठरलेली आहे, म्हणून ती एका स्लिप गेजच्या पायरीने पकडता येते. १.०० आणि १.१० मिमीचे गेज आळीपाळीने टेकवले आणि काटा दहा घरांऐवजी आठ-साडेआठ घरे गेला की काडी बदललेली आहे हे सिद्ध झाले. योग्य लांबीची काडी बसवली की डायल पुन्हा खरा. म्हणून वापरलेल्या लेव्हर डायलला ही एक पायरीची परीक्षा न घेता कधीही पैसे देऊ नयेत.

डायलच्या झिजेची इतकी चर्चा होते आणि डायल लावण्याच्या पद्धतीची होत नाही, हे मला मनापासून खटकते, कारण चुकांचा मोठा वाटा तिथूनच येतो. लेव्हर डायलची काडी पृष्ठभागाशी जवळपास समांतर हवी. ती ३० अंशांनी तिरकी असेल आणि काटा ०.२० मिमी दाखवत असेल तर खरी हालचाल ०.१७३ मिमी असते. हा २७ मायक्रॉनचा फरक, डीआयएनने पुनरावृत्तीसाठी दिलेल्या सुटीच्या नऊपट. प्लंजर डायल १० अंश तिरका बसला तर चूक दीड टक्काच येते, तिथे माफी जास्त आहे. पण त्याला मागचा स्टँड नडतो. लांब हात, तीन सांधे आणि त्यांतला एक अर्धवट आवळलेला, अशा स्टँडवर नवाकोरा स्विस डायलही डळमळतो. आवळलेल्या स्टँडला बोटाने हलका धक्का द्यावा. काटा हलून परत त्याच जागी आला नाही तर डायलवर शंका घेण्याआधी सांधे पाहावेत. जुन्या डायलवर वाचवलेले पैसे भक्कम स्टँडवर घातले तर एकूण मोजमाप नव्या डायलपेक्षा सुधारते, असे मी ठामपणे म्हणेन.

यावर कारखानदाराचा व्यवहारी आक्षेप येतो. चाकणला वाहनांचे सुटे भाग पुरवायचे तर ग्राहकाचा ऑडिटर येतो आणि कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र मागतो. जुना डायल दाखवून कसे चालेल? चालते. आयएसओ ९००१ मध्ये मोजमापाच्या साधनांविषयी जी अट आहे ती अशी की, ती ठरावीक काळाने किंवा वापरण्याआधी राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मानकांशी जोडलेल्या मापांशी ताडून पाहावीत आणि त्याची नोंद ठेवावी. साधन नवे विकत घेतलेले असावे असे त्यात कुठेही नाही. एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेची मापे पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसारख्या संस्थेशी जोडलेली असतात, आणि ती प्रयोगशाळा डायलचे वय विचारत नाही, त्याची वाचने नोंदवते. उलट वाहन उद्योगाला मोजमापाच्या पद्धतीची जी परीक्षा मनापासून हवी असते, तिचे नावच ‘गेज आर अँड आर’ आहे. एकच माणूस तोच जॉब पुन्हा मोजतो तेव्हा किती फरक पडतो आणि वेगवेगळी माणसे मोजतात तेव्हा किती, हे त्यात पाहतात. एकूण फरक सहनमर्यादेच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर पद्धत चांगली, ३० टक्क्यांच्या वर गेला तर नामंजूर. ही परीक्षा पुन्हा तेच सांगण्याचीच आहे. प्रमाणपत्राची किंमत मी कमी लेखत नाही, पण ते डायल ज्या दिवशी प्रयोगशाळेत होता त्या दिवसाविषयी बोलते. दुसऱ्या दिवशी तो टेबलावरून खाली पडला तर प्रमाणपत्रात काही बदलत नाही आणि डायलमध्ये सगळे बदललेले असू शकते. म्हणून रोज सकाळी एका मास्टरवर दोन मिनिटे घालवणारा इन्स्पेक्टर मला फायलीतल्या कागदापेक्षा जास्त आश्वासक वाटतो.

दुसरा आक्षेप किमतीचा. नवा साधा डायल आता इतका स्वस्त मिळतो की जुन्याच्या भानगडीत पडायचेच कशाला? हे म्हणणे पुष्कळ कामांसाठी खरे आहे. मिलिंग मशीनवर व्हाइस सरळ करायला, जॉब ट्रू करायला साधा नवा डायल पुरतो. पण स्वस्त नव्या डायलवरही वर सांगितलेली परीक्षा तशीच लागते. नवेपणामुळे तिच्यातून सूट मिळत नाही. परीक्षा करायचीच असेल तर त्याच पैशांत चांगल्या घडणीचा, खड्यांच्या बेअरिंगचा जुना डायल मिळत असताना तो का सोडावा? खडे अचूकता वाढवत नाहीत, ते आसाची झीज कमी करतात, आणि म्हणूनच जुन्या डायलमध्ये त्यांचे मोल जास्त. तिसरा आक्षेप डिजिटलचा. आकडे थेट संगणकात न्यायचे असतील, शेकडो जॉबची वाचने नोंदवायची असतील, तर डिजिटल सरस आहे आणि त्यावर वाद नाही. पण पडद्यावर ०.००१ दिसते म्हणून तेवढ्यापर्यंत खरे असते असे नव्हे. आणि चक फिरवताना काटा कुठल्या बाजूला, किती वेगाने, किती गुळगुळीत झुकतो हे जे डोळ्याला एका नजरेत कळते, ते धावत्या आकड्यांतून कळत नाही. हात जबड्यांवर असताना डोळ्यांना आकडे वाचायचे नसतात, दिशा पाहायची असते.

जुना डायल कुठे घेऊ नये हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. ०.००१ मिमीच्या घराचा, एक मायक्रॉन दाखवणारा डायल बाजारातून तपासून घेता येत नाही. तिथे हाताची ऊबसुद्धा वाचन बदलते, आणि परीक्षा घेणारी साधनेच त्याच्या तोडीची लागतात. तो घ्यायचाच तर प्रयोगशाळेच्या अहवालावर घ्यावा. मागच्या झाकणाचे स्क्रू ओरखडलेले असतील तर कोणीतरी आत हात घातला आहे असे समजावे आणि किंमत त्याप्रमाणे धरावी. दुरुस्तीचा खर्च अनेकदा डायलच्या किमतीपेक्षा जास्त होतो, म्हणून ‘थोडे काम करून घेऊ’ या आशेवर बिघडलेला डायल घेणे शहाणपणाचे नाही. आणि विकणारा परीक्षा घेऊ देत नसेल तर नाव कोणतेही असो, तिथून परत फिरावे.

घेतलेल्या डायलच्या डबीत एक छोटे कार्ड ठेवावे. त्यावर तारीख, दहा वेळा टेकवल्याची वाचने, चढती-उतरतीतला फरक, आणि कोणत्या फेऱ्यात तपासले ते लिहावे. सहा महिन्यांनी त्याच गेजवर, त्याच फेऱ्यात पुन्हा तपासून शेजारी नवे आकडे लिहावेत. पूर्वी २ मायक्रॉनचा असलेला फरक ५ वर गेला असेल तर आधी टोक बदलावे, प्लंजर कोरडा पुसावा आणि स्टेमची पकड पाहावी, मग पुन्हा मोजावे. तरीही ५ च राहिला तर तो डायल इन्स्पेक्शनच्या टेबलावरून काढून मिलिंग मशीनच्या कपाटात ठेवावा. व्हाइस सरळ करायला तो अजून कित्येक वर्षे पुरेल.